बग की नियम? ऑनलाईन आरपीजीमध्ये (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये) तक्रार करण्यापूर्वी करायची तपासणी

स्किल दाबले, ॲनिमेशन दिसले, कूलडाऊनही (ते पुन्हा वापरता येईपर्यंतचा थांबा) सुरू झाला आणि समोरच्यावर परिणाम मात्र काहीच झाला नाही, की बहुतेक खेळाडू ‘गेममध्ये बग (प्रोग्राममधली चूक) आहे’ असे म्हणून मोकळे होतात. कोल्हापुरात बसून युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याने तरी असा निकाल लावण्याची घाई करू नये.

पहिली शंका पिंगवर, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवर, घ्यावी. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि कोल्हापूर ते फ्रँकफर्ट हे सरळ रेषेतले अंतर जवळपास सात हजार किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन निदान ७० मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. राउटर बदलून हे अंतर कमी होत नाही. पावसाळ्यात लाईनच खराब असेल, तर त्या रात्रीचा कोणताही अनुभव पुरावा म्हणून धरू नये.

पिंग स्थिर असूनही गोंधळ होत असेल, तर गेमचा हिशेब समजून घ्यावा लागतो. ‘फायनल फँटसी १४’मध्ये नवा खेळाडू हमखास म्हणतो की, स्फोट झाला तेव्हा मी हल्ल्याची जागा दाखवणाऱ्या नारिंगी वर्तुळाच्या बाहेर उभा होतो, तरीही मेलो. तो खोटे बोलत नसतो. त्या गेममध्ये बॉसची (मोठ्या शत्रूची) कास्टची पट्टी, म्हणजे हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी, भरते त्याच क्षणी कोण वर्तुळात आहे हे सर्व्हर ठरवून टाकतो. स्फोटाचे दृश्य नंतर येते. शिवाय सर्व्हरपाशी असते ती आपल्या संगणकाने शेवटी कळवलेली जागा, म्हणजे आपल्याला पडद्यावर दिसते त्याच्या किंचित मागची. म्हणून पट्टी भरण्याच्या थोडे आधीच बाहेर पडावे. याच नियमामुळे खूण पुसली गेल्यावर, स्फोट दिसण्यापूर्वीच, परत आत गेले तरी इजा होत नाही. हे एकदा स्वतः करून पाहावे, म्हणजे मनातली शंका कायमची फिटते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या जुन्या गेमच्या पुन्हा काढलेल्या आवृत्तीत खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत अशीच गल्लत स्टनबाबत (समोरच्याला काही क्षण जखडून टाकणाऱ्या स्किलबाबत) होते. एकाच गटातले स्टन एका खेळाडूवर लागोपाठ टाकले, तर दुसऱ्याची मुदत निम्मी, तिसऱ्याची पाव आणि चौथ्याचा परिणाम शून्य होतो: चार सेकंदांचे दोन, दोनाचा एक, मग काहीच नाही. ही मोजणी ज्याच्यावर स्टन पडतो त्याच्या नावावर चालते, त्यामुळे आधीचे तीन आपल्या मित्राने टाकले असले तरी आपला पहिलाच स्टन वाया जातो आणि टूलटिपमध्ये (स्किलची माहिती देणाऱ्या चौकटीत) त्याचा उल्लेखही नसतो. माझ्या मते हा बग नसला तरी मांडणीतला दोष नक्कीच आहे. २०१९ मध्ये याच क्लासिकच्या चाचणीच्या वेळी खेळाडू जुन्या गेमच्या मूळ वागणुकीलाच बग समजू लागले, तेव्हा कंपनीला ‘हे बग नाहीत’ अशी यादी प्रसिद्ध करावी लागली. टॉरेन जमातीची मारण्याची पोच थोडी जास्त असणे हे त्या यादीतलेच.

खरे बग बहुतेक वेळा दोन व्यवस्थांच्या सांध्यात सापडतात. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार या बॉसचा ‘करप्टेड ब्लड’ हा डिबफ (अंगाला चिकटणारा हानिकारक परिणाम) शहरांत साथीसारखा पसरला, कारण रोग जडलेला पाळीव प्राणी परत पाठवून बाहेर पुन्हा बोलावला की डिबफ त्याच्याबरोबर यायचा. म्हणून घोड्यावरून उतरणे, झोन (गेममधला प्रदेश) बदलणे, लॉगआऊट होऊन परतणे, यांपैकी चूक दिसण्याच्या लगेच आधी काय केले होते ते आठवून लिहून ठेवावे.

मग चाचणी करावी. सगळे ॲडऑन (गेमला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद करून, ट्रेनिंग डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) किंवा मित्राशी ड्युएल (दोघांचीच लढत) लावून तीच कृती त्याच क्रमाने पुन्हा करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वॉरक्राफ्टमध्ये चॅटच्या चौकटीत तिरकी रेघ देऊन ‘कॉम्बॅटलॉग’ ही आज्ञा टाकली की लढाईची नोंद फाइलमध्ये साठते. डोळ्यांना दिसलेल्यापेक्षा त्या नोंदीवर भरवसा ठेवावा.

‘स्किल चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ अशा तक्रारीचा कोणालाच उपयोग होत नाही. ‘घोड्यावरून उतरताच एका सेकंदाच्या आत ढाल वापरली, तर बफ (फायद्याचा परिणाम) दिसतो पण डॅमेज (होणारी इजा) कमी होत नाही, दोन सेकंद थांबून वापरली तर होतो’ असे लिहिले, तर प्रोग्रामर नेमक्या त्या जागी पोहोचू शकतो. त्यासोबत कॅरॅक्टरची लेव्हल, सर्व्हरचे नाव, पॅचचा (गेमच्या सुधारित आवृत्तीचा) क्रमांक आणि युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, द्यावी. आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे युटीसीनुसार दुपारचे चार. बगमुळे गेममधले सोने किंवा वस्तू फुकट वाढत असतील, तर खात्री झाल्यावर तिथेच थांबून फक्त कंपनीलाच कळवावे, कारण त्याचा फायदा घेणाऱ्यांची खाती बंद होतात. पुढचा पॅच आला की त्याच्या नोट्स वाचून तीच चाचणी पुन्हा करावी, आणि दोष उरला असेल तर जुन्या तिकिटाचा (तक्रारीच्या नोंदीचा) क्रमांक देऊन नवी नोंद पाठवावी.