ओल' डर्टी बास्टर्ड ऐकायला घेताय? या चुका टाळा

न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप ग्रुपचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "त्यांच्यातला तो वेडा कोण रे?" तो म्हणजे रॅपर ओल' डर्टी बास्टर्ड. खरं नाव रसेल जोन्स, गाव ब्रुकलिन, न्यूयॉर्क. सोयीसाठी ओडीबी म्हणू. त्याच्या गाण्यांपेक्षा त्याचे किस्से जास्त फिरतात, म्हणून बरेच जण किस्से ऐकून येतात, दोन गाणी लावतात आणि वैतागून उठतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक सूचना आधीच देतो: शिव्या भरपूर आहेत, घरात स्पीकरवर लावू नका.

पहिल्या ट्रॅकपासून सुरुवात करणं

त्याचा पहिला सोलो अल्बम 'रिटर्न टू द ३६ चेंबर्स: द डर्टी व्हर्जन' मार्च १९९५ मध्ये आला. पहिला ट्रॅक म्हणजे साडेचार मिनिटांहून लांब प्रस्तावना. त्यात गडी स्वतःचीच ओळख करून देतो, रडण्याचं सोंग आणतो आणि मध्येच गायला लागतो. बहुतेक जण इथेच गळतात. सरळ चौथ्या ट्रॅकवर, 'ब्रुकलिन झू'वर जा. प्रस्तावना नंतर ऐका, तेव्हा हसू येईल. 'ब्रुकलिन झू'ही जड वाटलं तर पॉप गायिका मरिया कॅरीच्या 'फँटसी'चं १९९५ चं रिमिक्स लावा. तिच्या गोड आवाजाशेजारी याचा घोगरा आवाज असा काही बसतो की हे कुणाला सुचलं असेल, असं वाटतं.

फाइल बिघडली असं समजणं

ही माझी स्वतःची चूक. 'शिमी शिमी या' पहिल्यांदा ऐकलं ते मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेलं. एक कडवं झालं आणि शब्द उलटे वाजायला लागले. मग तेच कडवं पुन्हा आलं. मी फाइल डिलीट केली आणि मित्राला वर सुनावलंही. गाणं तसंच आहे! कडवं एकच. दुसरं लिहिण्याऐवजी तेच फिरवून वापरलंय, आणि खाली पियानोचा तोच तोच तुकडा. 'गोइंग डाउन'मध्ये तो सुरुवातीला घशातून नुसता घरघर आवाज काढत राहतो. ती गुळण्यांची रेकॉर्डिंग नव्हे, गाण्याची सुरुवात आहे.

'नशेत बरळतोय' म्हणून सोडून देणं

तमाशातला सोंगाड्या आठवा. तो अडखळतो, भलत्याच जागी बोलतो, पण ढोलकीची थाप कधी चुकवत नाही. ओडीबीचं तसंच आहे. 'ब्रुकलिन झू'मध्ये तो शब्द ओढून ताणून पार ओळीच्या बाहेर नेतो, वाटतं आता पडला, आणि नेमका ठोक्यावर उतरतो. अर्धं बोलणं, अर्धं गाणं. १९९३ च्या वू-टँगच्या पहिल्या अल्बमवर ग्रुपमधल्याच मेथड मॅनने ओडीबीच्या नावाची फोड करून ठेवली आहे: या शैलीला बापच नाही, म्हणून बास्टर्ड.

सोलो म्हणजे ग्रुप फुटला असं मानणं

आपल्याकडे बँडमधला एक जण वेगळा गायला की लगेच भांडणाच्या बातम्या. इथे उलट होतं. ग्रुपचा म्होरक्या रिझा हा ओडीबीचा चुलत-मावस नात्यातला भाऊ, ग्रुपमधला जिझाही तसाच. रिझाने लाउड रेकॉर्ड्सशी करार करतानाच अट घातली होती की प्रत्येकाला दुसऱ्या कंपनीकडे सोलो जाता यावं. म्हणून मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, जिझा गेफनकडे, ओडीबी इलेक्ट्राकडे. पहिल्या अल्बमचं बहुतेक संगीत रिझाचंच. ओडीबीचं तुटक काम जुळवून घेणारा माणूस समोर बसलेला होता, हे त्या अल्बममध्ये जागोजागी ऐकू येतं.

किस्से अर्धवट ऐकणं

पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचं सरकारी मदतीचं ओळखपत्र आहे, त्यावर फोटो आणि वेड्यावाकड्या उभ्या राहिलेल्या वेण्या. अल्बम अमेरिकेत पहिल्या दहात असताना तो एमटीव्हीचा कॅमेरा घेऊन, मुलांसह लिमोझिनमधून फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना मिळणारी सरकारी अन्नाची कुपनं, आणायला गेला. कागदोपत्री तो अजून पात्रच होता. विनोद म्हणून केलं असेल, पण गरिबांच्या मदतीला कात्री लावायला निघालेल्यांना आयतं कोलीत मिळालं. त्याची स्वतःची मदतही थांबली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ग्रॅमी संगीत पुरस्कारांच्या मंचावर गायिका शॉन कोल्विन बक्षीस घ्यायला आली असताना तो माइकपाशी घुसला, महागडे कपडे घेतल्याचं सांगितलं आणि वू-टँग मुलांसाठी आहे असं जाहीर केलं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच महिन्यात ब्रुकलिनमध्ये गाडीखाली अडकलेल्या चार वर्षांच्या मुलीला त्याने माणसं गोळा करून, गाडी उचलून बाहेर काढलं आणि खोट्या नावाने हॉस्पिटलात तिला भेटायला जात राहिला, हे मात्र कुणी सांगत नाही.

सगळे अल्बम एका मापाने मोजणं

१९९९ चा दुसरा अल्बम (नाव इथे छापण्यासारखं नाही) चटपटीत आहे. नेप्च्यून्स या निर्माता-जोडीने बांधलेलं, गायिका केलिससोबतचं 'गॉट युअर मनी' आजही लग्नात वाजवता येईल, शब्द कुणाला कळले नाहीत तर. पण तेव्हा त्याचा अर्धा वेळ कोर्टात नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात जात होता. कायद्याशी अगदी छत्तीसचा आकडा. २००० साली तो केंद्रातून पळाला, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हॅमरस्टाइन बॉलरूममध्ये वू-टँगसोबत फरारी म्हणूनच मंचावर उभा राहिला, आणि काही दिवसांत फिलाडेल्फियातल्या एका मॅकडोनाल्डच्या पार्किंगमध्ये पकडला गेला.

२००२ चा तिसरा अल्बम तो तुरुंगात असताना आला. आधीचे आवाजाचे तुकडे जोडून, पाहुणे घालून भरलेलं ते बाड आहे. ॲपने आपोआप लावलाच तर त्यावरून त्याचं माप काढू नका.

२००३ मध्ये सुटल्यावर रॉक-अ-फेला या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्ध केलं. त्या वेळच्या पत्रकार परिषदेला मरिया कॅरी हजर होती. नवा अल्बम काही त्याच्या हयातीत आला नाही. १३ नोव्हेंबर २००४ ला, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, कोकेन आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधाच्या अतिरेकाने मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत त्याचा मृत्यू झाला. स्टुडिओ रिझाचा होता.