छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी मॅग्नम कॅलिबर कसं निवडायचं

टेक्सासमधे राहायला लागून मला बरीच वर्षं झाली आणि ओळखीतल्या मराठी घरांतून एक प्रश्न वरचेवर येतो, की घरात ठेवायला किंवा जवळ बाळगायला छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, दुकानदार म्हणतो मॅग्नमच घ्या, तर कुठलं घेऊ. अलीकडे वहिनींनीही हेच विचारलं. त्या सॅन अँटोनिओच्या बाहेर एकट्या राहतात आणि त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात. त्यांच्याबरोबर दोन शनिवार रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, घालवले तेव्हा ज्या क्रमाने आम्ही गेलो तोच इथे सांगतोय.

सगळ्यात आधी कायदा, कारण आपल्या लोकांची चूक इथेच होते. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूकच काय, साधं काडतूस जवळ बाळगणं सुद्धा गुन्हा आहे. अपवाद आहेत, राज्याचं वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमी सांगितला जाणारा, पण तो तुम्हाला लागू होतो का हे वकिलाला विचारल्याशिवाय रेंजवर भाड्याची बंदूकही हातात घेऊ नका. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर हा अडथळा नाही. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासली जाते. बाकी जवळ घेऊन फिरायचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, टेक्सासचं बघून न्यू जर्सीत कोणी वागायला जाऊ नये.

आता मॅग्नम म्हणजे नेमकं काय, तर नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त जोराचं काडतूस. ३५७ मॅग्नम हे १९३५ मधे स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टरने आणलं, आधीचं जे ३८ स्पेशल होतं त्याचीच पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब केली, गोळीचा व्यास तोच. लांब एवढ्यासाठी केली की हे जोरदार काडतूस चुकून जुन्या नाजूक ३८ च्या रिव्हॉल्व्हरमधे बसू नये. जोर किती, तर ३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), ३८ प्लस-पी, म्हणजे ३८ चंच जरा जास्त दाबाचं काडतूस, त्याचा २०,००० आणि ३५७ चा ३५,०००. आणि यातलीच सगळ्यात कामाची गोष्ट, ३५७ च्या रिव्हॉल्व्हरमधे ३८ स्पेशल आरामात चालतं, उलटं चालत नाही. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचा अर्धा निर्णय यावरच होणार आहे.

पहिली पायरी कॅलिबरची, म्हणजे काडतुसाच्या मापाची, नाहीच, रिव्हॉल्व्हरच्या वजनाची आहे. एकच काडतूस जड आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमधून उडवलं की मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. रुगरचं एसपी१०१ स्टीलचं, सव्वादोन इंची नळीचं, साधारण ७४० ग्रॅम. त्यांचंच एलसीआर ३५७ मधे साधारण ४८५ ग्रॅम. आणि स्मिथ अँड वेसनचं ३४०पीडी, स्कँडियम मिश्रधातूचं, फक्त ३३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एसपी१०१ मधून जो धक्का बसतो त्याच्या सव्वादोन पट धक्का ३४०पीडी तून, गोळी तीच, दारू तीच. काउंटरवर हलकं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की कुणालाही आवडतं, खिशात ठेवलं तर जाणवतही नाही, पण ते उडवायचं कसं याचा विचार काउंटरवर होत नाही.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. पहिलं रिव्हॉल्व्हर मी असंच हलकं ३५७ घेतलं, कंपनीचं नाव नको, दुकानातल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं की मॅग्नम भरा आणि निर्धास्त राहा. रेंजवर १२५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) काडतुसं भरली. दुसऱ्या बाराला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फुटली, चौथ्यानंतर चाप ओढला तर सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा गोल फिरता भाग, फिरेचना. उघडून बघायचा प्रयत्न केला तर तेही होईना. नंतर कळलं की पाचव्या काडतुसातली गोळी धक्क्याने आपल्या पुंगळीतून पुढे सरकून सिलिंडरच्या बाहेर डोकावत होती आणि फ्रेमला अडकून बसली होती. म्हणजे जीव वाचवायला घेतलेली वस्तू ऐन वेळी लोखंडाचा, खरं तर ॲल्युमिनियमचा तुकडा झाली असती. हलक्या फ्रेमच्या मॅग्नममधे हे होऊ शकतं, आणि ३४०पीडी सारख्या मॉडेलवर १२० ग्रेनपेक्षा हलकी मॅग्नम गोळी वापरू नका अशी सूचना कंपनी स्वतःच देते, कारण टायटॅनियमचा सिलिंडर हलक्या गोळीच्या जळत्या दारूने झिजतो.

म्हणून ही तपासणी प्रत्येकाने करा, यासाठी पैसे लागत नाहीत. पाचही काडतुसं भरा, एकाच्या बुडावर मार्करने खूण करा आणि ते सगळ्यात शेवटी येईल असं ठेवा. चार उडवा. पाचवं न उडवता बाहेर काढा आणि बॉक्समधल्या नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं करून बघा. उंचीत फरक दिसला तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद, ब्रँड कितीही नावाजलेला असो.

दुसरी पायरी, छोट्या नळीतून मॅग्नमचं काय उरतं ते बघणं. मॅग्नमच्या दारूला जळायला लांब नळी लागते. ३५७ ची १२५ ग्रेनची गोळी चार इंची नळीतून सेकंदाला १४०० फुटांच्या आसपास जाते, तीच दोन इंचीतून साधारण १२०० वर येते, आणि न जळलेली दारू नळीच्या तोंडाशी मोठा भडका होऊन जळते. रात्री अंधाऱ्या खोलीत तो भडका डोळ्यासमोर आला की पुढचे काही क्षण काही दिसत नाही. आवाजाचं तर विचारू नका, कानाला कायमची इजा १४० डेसिबलच्या पुढच्या आवाजाने होऊ शकते आणि हे १६० च्या घरात जातं, म्हणून रेंजवर कानात बोळे आणि वरून हेडफोनसारखे मफ असं दोन्ही घाला. तरी खरं ते सांगायला पाहिजे, १२०० म्हणजे काही कमी नाही, छोट्या नळीतून ३८ प्लस-पी साडेआठशे-नऊशेच देतं. फायदा आहेच. प्रश्न एवढाच की त्याच वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधे त्या फायद्यासाठी दुपटीच्या वर धक्का सोसायचा का आणि दुसरी गोळी नेमावर बसेपर्यंत किती वेळ जातो.

आता एकेक कॅलिबर घेऊ. ४४ मॅग्नमवर फार वेळ घालवत नाही. रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन अडीच इंची नळीत ४४ मॅग्नम देतं पण ते सव्वा किलोच्या वर आहे आणि अस्वलांच्या मुलुखात जाणाऱ्यांसाठी आहे. ४१ मॅग्नम १९६४ चं, चांगलं काडतूस, पण छोट्या फ्रेमसाठी त्याचा विचार करू नका, काडतुसं मिळवतानाच जीव मेटाकुटीला येईल.

२२ मॅग्नम, म्हणजे १९५९ चं विंचेस्टरचं रिमफायर, हातात अजिबात जोर नसलेल्यांना सुचवलं जातं. धक्का जवळपास नाहीच. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे रिमफायरमधे पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतो, तो पेटायला घोड्याचा ठोका जोरात बसावा लागतो म्हणून चाप बऱ्याचदा उलट जडच असतो, वहिनींना तो बारा वेळा ओढल्यावर बोट दुखायला लागलं. दुसरी म्हणजे रिमफायर काडतूस न पेटण्याचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा, म्हणजे बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या काडतुसापेक्षा, जास्त. धक्का सहन होत नाही आणि बोटात जोर आहे, अशा माणसासाठी ते ठीक. उलट केस असेल तर नको.

राहता राहिले खरे दोन उमेदवार, ३५७ आणि ३२७ फेडरल मॅग्नम. दुसरं नाव फारसं कुणाला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं, कारण छोट्या रिव्हॉल्व्हरसाठीच ते जन्माला आलंय. फेडरल आणि रुगरने मिळून ते एसपी१०१ साठी काढलं. गोळी बारीक, ३१२ हजारांश इंच, त्यामुळे ज्या सिलिंडरमधे ३५७ ची पाच घरं बसतात तिथे ३२७ ची सहा बसतात. दाब ४५,००० पीएसआय, ३५७ पेक्षाही जास्त, म्हणजे आवाज तिखट आहे, पण गोळी हलकी असल्याने धक्का कमी. आणि याच घरात १९८४ चं ३२ एच अँड आर मॅग्नम चालतं, ३२ एस अँड डब्ल्यू लाँग चालतं. हे शेवटचं नाव ओळखीचं वाटेल, कारण कानपूरच्या कारखान्यातलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, जे भारतात लायसन्सवर लोक घेतात, ते हेच काडतूस चालवतं. एका रिव्हॉल्व्हरमधे अगदी मऊ काडतुसापासून जबर मॅग्नमपर्यंत तीन पायऱ्या मिळतात. कमतरता म्हणाल तर काडतुसं महाग आणि प्रत्येक दुकानात मिळतील असं नाही. ३५७ वाल्याला ३८ स्पेशल कुठेही मिळतं, हा त्याचा फार मोठा प्लस पॉइंट आहे आणि सरावाचा खर्च बघितला तर बऱ्याच जणांसाठी इथेच निकाल लागतो.

तिसरी पायरी, रेंजवर जाऊन भाड्याने चालवून बघा. सात यार्ड, साधारण साडेसहा मीटर, एवढ्यावर टार्गेट लावा, मधे वहीच्या पानाएवढा कागद. आधी सगळ्यात मऊ काडतूस, मग वर चढत जा, मॅग्नम शेवटी, कारण एकदा हात भेदरला की त्यानंतरचं काहीच खरं कळत नाही. पाच गोळ्या सलग, प्रत्येक वेळी पूर्ण चाप ओढून, घोडा अंगठ्याने मागे न घेता. पाचही कागदात हव्यात. मग बरोबरच्या माणसाला सांगा की तुम्हाला न दाखवता दोन घरात रिकाम्या पुंगळ्या घालून दे. रिकाम्या घरावर घोडा पडला की नळीचं टोक खाली झटकतं का ते त्याने बघायचं. झटकलं म्हणजे बार व्हायच्या आधीच हात धक्क्याला घाबरून खाली दाबतोय. वहिनींचा हात ३८ प्लस-पी वर स्थिर होता, ३५७ वर टोक दोन बोटं खाली गेलं.

याच वेळी पुंगळ्या बाहेर काढूनही बघा. छोट्या नळीखाली इजेक्टरचा दांडाही आखूड असतो, ३५७ च्या लांब पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, एखादी तारेसारखी लटकते. नळी आकाशाकडे करून तळव्याने दांड्यावर एकच जोरात फटका मारायचा, हळू ढकलायचं नाही. ३८ च्या आणि ३२ एच अँड आर च्या आखूड पुंगळ्या सहज पडतात.

मग रोज भरून ठेवायचं काडतूस ठरवा. अमेरिकेत एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर जी चाचणी बसवली तिच्यात जिलेटिनमधे गोळी १२ ते १८ इंच जावी अशी अपेक्षा असते, काडतूस निवडताना ते आकडे बघा, आणि आकडे छोट्या नळीतून घेतलेले आहेत ना हे आवर्जून तपासा. ३८ मधे स्पीअरचं १३५ ग्रेनचं शॉर्ट बॅरल गोल्ड डॉट छोट्या नळीसाठीच बनवलंय. हात फार नाजूक असेल तर १४८ ग्रेनचं चपट्या तोंडाचं वॉडकटर, ते पसरत नाही पण खोल आणि सरळ जातं, धक्का एकदम मवाळ. आणि ३५७ मधे ३८ वापरत असाल तर आखूड पुंगळीपुढे काजळीचं कडं जमतं, ते ब्रशने साफ करत राहा, नाहीतर पुढे मॅग्नमचं काडतूस अर्धवटच आत जाईल.

माझं मत विचाराल तर हातात जोर असलेल्याने स्टीलचं ३५७ घ्यावं, पाचशे ग्रॅमच्या खाली जाऊ नये आणि ते रोज ३८ प्लस-पी ने भरून ठेवावं. मॅग्नमचा एक बॉक्स सराव वाढल्यावर.

घरात मुलं असतील तर लॉकबॉक्सची किंमत रिव्हॉल्व्हरच्याच किमतीत धरा. टेक्सासमधे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे.

वहिनींनी शेवटी ३२७ चं एलसीआर घेतलं, सहा घरांचं. भरतात ३२ एच अँड आर. दुसऱ्या शनिवारच्या शेवटी सहाच्या सहा भोकं त्या वहीच्या पानावर होती, ते पान त्यांनी घडी करून पर्समधे ठेवलं आणि घरी येताना मला विचारलं की पुढच्या वेळी ३२७ ची दोनच काडतुसं उडवून बघू का. मी हो म्हटलं, पण शेवटी, सराव संपल्यावर.