वादळी आठवड्यात हवामानाचे पत्रक वाचताना गोव्याच्या किनाऱ्यावर या चुका टाळा

डिसेंबरातला गोव्याचा समुद्र शांत असतो, असे आपण सगळेच धरून चालतो. मासेमारीबंदी उठून चार महिने झालेले असतात, पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, किनाऱ्यालगतचे पाणी सपाट पडलेले असते. बहुतेक दिवस हे खरेही ठरते. पण पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा दुसरा हंगाम आहेत, आणि जूनमध्ये आपण जेवढे सावध असतो तेवढे या महिन्यांत नसतो. त्यात आता हवामानाची माहिती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आणि चांगली मिळते. आल्तिनोवरच्या हवामान केंद्राचे पत्रक येते, हैदराबादच्या 'इन्कॉइस'चा (समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचा) लाटांचा अंदाज येतो, मोबाईलवर रंगीत नकाशे येतात. तरी नुकसान होतेच, कारण माहिती हाती असून ती चुकीची वाचली जाते. मालिम, कुटबण, शापोरा, खारेवाडा, कुठल्याही जेटीवर अशा आठवड्यात त्याच त्या चुका दिसतात.

आभाळ निरभ्र आहे, मग समुद्राला काय झाले?

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. पाऊस नाही, ढग नाहीत, झाडाचे पान हलत नाही, म्हणजे इशारा उगाच दिलेला आहे, असा निष्कर्ष काढला जातो.

२०१७ चे ओखी वादळ आठवा. नोव्हेंबरअखेर ते कन्याकुमारीच्या दक्षिणेला तयार झाले, लक्षद्वीपवरून पुढे गेले, वळून गुजरातच्या दिशेने निघाले आणि किनाऱ्याला लागेपर्यंत विरून गेले. गोव्यावर ते आलेच नाही, त्याचे केंद्र भर समुद्रातून गेले. तरीही ३ आणि ४ डिसेंबरला मोरजी, मांद्रे, हरमल, केरी भागातल्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या हंगामी उपाहारगृहांत, पाणी शिरले, खाटा आणि सामान वाहून गेले. वादळ न येता हे झाले कसे?

वादळाच्या पोटात उठलेल्या लाटा वादळाच्या पुढे धावतात. दोन लाटांमध्ये पंधरा सेकंदांचे अंतर असेल, तर अशा लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने सरकतो. म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. वादळ स्वतः मात्र ताशी पंधराच्या गतीने चालत असेल, तर दिवसभरात साडेतीनशे किलोमीटरच कापते. त्यामुळे लाटा आधी पोचतात, आणि त्या पोचतात तेव्हा आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असते. या लांब लाटांना पत्रकात 'स्वेल' म्हणतात. इथल्या वाऱ्याशी त्यांचा संबंध नसतो.

म्हणून अंदाजात लाटेची उंची पाहून थांबू नका, तिच्या शेजारचा सेकंदांचा आकडाही पाहा. सहा सेकंदांची एक मीटरची लाट म्हणजे स्थानिक वाऱ्याने उठलेली खळबळ. चौदा सेकंदांची एक मीटरची लाट दुपटीहून जास्त ऊर्जा घेऊन येते, आणि उथळ पाण्यात पाय टेकले की उभी राहून फुटते. भर समुद्रात तीच लाट होडीखालून सरकून गेलेली कळतही नाही. सकाळी किनाऱ्यावर उभे राहून हा आकडा तुम्हीही काढू शकता: एक लाट फुटली की घड्याळ लावा, पुढच्या दहा लाटा फुटेपर्यंत मोजा, आलेल्या सेकंदांना दहाने भागा. उत्तर रोजच्यापेक्षा बरेच मोठे आले, तर कुठेतरी लांब काहीतरी घडते आहे, आभाळ काहीही सांगो.

तिथी न पाहणे

ओखीच्या वेळी आणखी एक गोष्ट जुळून आली होती. ३ डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, आणि त्या रात्री चंद्र पृथ्वीच्या नेहमीपेक्षा जवळ होता. उधाणाची भरती आणि बाहेरून आलेल्या लाटा एकाच वेळी किनाऱ्यावर आल्या. हीच लाट अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, आली असती, तर बरेच शॅक वाचले असते.

वडीलधाऱ्या रापणकारांना, किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांना, तिथीवरून भरती कळते. ज्यांना कळत नाही त्यांनी मुरगावच्या भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. इशाऱ्याच्या दिवसांत अमावास्या किंवा पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर असेल, तर तो इशारा एक पायरी वरचा समजावा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर चढते, तोही भाग भरतीत मिळवायचा असतो. शॅकवाल्यांनी खाटा, फ्रीज, जनरेटर दिवसाउजेडीच मागे घ्यावा. आज दुपारी पाणी पायरीपर्यंत आले, आता उतरले, म्हणजे सुटलो, असे होत नाही. साडेबारा तासांच्या आत पुढची भरती येते, आणि ती रात्री येते.

नदीच्या मुखावर तर भरती-ओहोटी हाच जीवनमरणाचा प्रश्न होतो. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी, शापोऱ्याला, मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचे दांडे आहेत. ओहोटीचे पाणी नदीतून जोराने बाहेर पडत असते, समोरून लांब लाट आत येत असते. दोघांची गाठ पडते ती नेमकी दांड्यावर. तिथे लाटेची लांबी आखडते, पाठ उभी होते, आणि बाहेर जी लाट सौम्य वाटली होती तीच ट्रॉलरच्या मागच्या बाजूवर कोसळते. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, तिरकी झाली की नौका आडवी व्हायला वेळ लागत नाही. घरी पोचायच्या घाईत ओहोटीला दांडा ओलांडू नका. बाहेर खोल पाण्यात तासभर, दोन तास थांबावे लागले तरी थांबा, भरती भरत आली की आत या. बर्फ वितळेल, मासळीचा भाव पडेल, हे सगळे मान्य. पण खलाशांच्या घरी कुणाला काही सांगायची वेळ येऊ नये.

नकाशावरच्या रेषेवर बोट ठेवणे

वादळाचा मार्ग दाखवणारी रेषा म्हणजे त्याच्या केंद्राचा अंदाज. वादळ त्या रेषेएवढे अरुंद नसते; त्याचे वारे शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. रेषेभोवतीचा पसरत जाणारा पट्टा केंद्र कुठे कुठे असू शकेल ते दाखवतो, त्या पट्ट्याबाहेर वारा नसेल असे तो सांगत नाही. 'गोव्यापासून चारशे किलोमीटर दूर' हे वाक्य वाचून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी फयान वादळ आठवावे. नोव्हेंबर २००९ मध्ये ते अरबी समुद्रात वळले, वेग घेतला आणि ११ तारखेला अलिबाग ते मुंबई दरम्यान किनाऱ्यावर आले. कोकण-गोव्याचे कितीतरी मच्छीमार त्या वेळी समुद्रात होते. पहिल्या दिवशीचा नकाशा घेऊन चार दिवसांची फेरी आखू नये, एवढे तरी त्यातून घेता येते.

बावट्याचा आकडा लहान, म्हणून धोका लहान

मुरगाव बंदरावर एक नंबरचा बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याची खूण, लागला की 'एकच तर आहे' असे म्हणून नांगर उचलला जातो. ही समजूत अगदी उलटी आहे. एक आणि दोन नंबरचे बावटे दूरच्या समुद्रासाठी असतात: बंदराला अजून धोका नाही, पण बंदरातून बाहेर पडणाऱ्या नौकेला वाटेत वादळी हवा भेटू शकते. म्हणजे हा इशारा बाहेर जाणाऱ्यांसाठीच आहे. तीन आणि चार नंबर बंदराच्याच परिसरासाठी. पाच, सहा, सात यांत जोराचा फरक नसतो, वादळ बंदराच्या कुठल्या बाजूने जाणार एवढाच फरक असतो. आठ, नऊ, दहाचेही तसेच, फक्त वादळ अधिक तीव्र. अकरा लागला तर इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे.

पिवळ्या-नारिंगी-तांबड्या रंगांचीही अशीच गल्लत होते. तो रंग उत्तर गोवा किंवा दक्षिण गोवा जिल्ह्याच्या जमिनीवरच्या हवेचा असतो. मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा निघतो. जिल्हा हिरवा आणि समुद्रात जाण्यास मनाई, हे एकाच दिवशी असू शकते.

आकडे वाचताना

वाऱ्याचा वेग कुठे किलोमीटरमध्ये असतो, कुठे नॉटमध्ये, काही ॲपमध्ये सेकंदाला मीटरमध्ये. 'तीसचा वारा' ऐकून निघालेल्याला तो तीस नॉट, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर निघाला, तर काय होईल ते सांगायला नको. नॉटचा आकडा दुप्पट करून त्यातून दहावा हिस्सा वजा केला की किलोमीटर जवळपास मिळतात. मीटर असतील तर ३.६ ने गुणा.

पत्रकातले एक नेहमीचे वाक्य घ्या: 'वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत'. बहुतेक लोक पंचेचाळीस लक्षात ठेवतात. पण दोरखंड तुटतो, ताडपत्री फाटते ती झोतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पासष्टचा झोत पंचेचाळीसच्या वाऱ्यापेक्षा दुपटीहून अधिक रेटा देतो. तयारी करायची ती शेवटच्या आकड्याची.

लाटेच्या उंचीत याहून मोठा सापळा आहे. अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. 'अडीच मीटर' वाचले की काही तासांत पाच मीटरच्या जवळ जाणारी एखादी लाट भेटणार, हे धरूनच चालावे. लहान होड्यांसाठी 'इन्कॉइस'ने २०२० मध्ये वेगळा सल्ला सुरू केला; त्यात नौकेची रुंदी लक्षात घेऊन धोका सांगितलेला असतो. छोटी होडी असेल तर मोठ्या जहाजांच्या अंदाजाऐवजी तो पाहा.

आणि दिशा: वारा कुठून येतो ते सांगतात, प्रवाह कुठे जातो ते. ईशान्येचा वारा आणि ईशान्येचा प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध चालतात.

कालचे पत्रक आज पुढे ढकलणे

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवरची तारीख आणि वेळ कापली गेलेली असते, किंवा कुणी पाहत नाही. तातडीचा इशारा तीन तासांपुरता असतो; तो संध्याकाळी गटात टाकून काय मिळणार? उपग्रहाच्या चित्रांवर आणि बऱ्याच परदेशी नकाशांवर जागतिक वेळ असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, निघण्याआधी मूळ पत्रक उघडावे, ते प्रसिद्ध झाल्याची वेळ वाचावी, पुढचे कधी येणार ते पाहावे. किनारी पत्रक साधारण ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्याचे असते. त्यापलीकडे जाणार असाल तर खोल समुद्राचे पत्रक वेगळे वाचावे लागेल.

जमिनीवर

'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ पाऊस तुरळक पडेल असा घेतात. तुरळक असतात ती ठिकाणे. फोंड्यात थेंब नाही आणि पेडण्यात जत्रेचा मंडप ओला, असे होतेच. डिसेंबर म्हणजे जत्रांचे दिवस. नाटकाचा पडदा, कनाती, उंच कमानी यांना पावसापेक्षा झोताचा धोका अधिक. इशारा असेल तर कनातीच्या खालच्या बाजू मोकळ्या सोडून वाऱ्याला वाट द्यावी, आणि विजा कडाडू लागल्या की ध्वनिक्षेपकाच्या लोखंडी खांबांपासून माणसे हटवावीत. प्रयोग तासभर थांबला तरी चालेल.

बांधले म्हणजे सुरक्षित

जेटीला खेटून एकाला एक बांधलेल्या ट्रॉलरांची सर्वांत बाहेरची रांग सुटली की सगळी ओळ सुटते. दोर आखडून बांधला तर भरतीला ताणून तुटतो, फार सैल सोडला तर नौका शेजारणीवर आपटते. घासल्या जागी जुन्या टायरचा किंवा गोणपाटाचा थर द्या, दोन दोर वेगवेगळ्या खुंट्यांना न्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नू शी नलिनी' हे निर्मनुष्य जहाज मुरगावहून वाहत येऊन दोनापावलजवळ खडकात रुतले, तेव्हा त्यात नाफ्था हे ज्वलनशील तेल होते आणि सगळा गोवा काळजीत होता. एवढे मोठे जहाज जिथे वाहते तिथे बारा मीटरच्या नौकेला एका दोराच्या भरवशावर सोडू नये.

इशारा उठला, लगेच निघालो

वारा पडल्यावरही लांब लाटा एक-दोन दिवस येत राहतात, आणि दांड्यांवरची वाळू वादळात सरकलेली असते. कालपर्यंतची वाट आज असेलच असे नाही. पहिली नौका दिवसाउजेडी, भरतीला, हळू काढावी.

शिवाय हिवाळ्यात एक पाहुणी लाट वायव्येकडून येते. पश्चिमी झंझावात इराणच्या आखातावरून पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागे तिथे 'शमाल' हे वायव्येचे वारे जोर धरतात, आणि त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर पोचतात. नोव्हेंबर ते मार्चमधल्या या लाटांचा अभ्यास दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीच केला आहे. वादळाच्या लाटा बहुधा दक्षिण-नैऋत्येकडून आणि या वायव्येकडून. ज्या जागेला नैऋत्येकडून आडोसा आहे तिला वायव्येकडूनही असेल, असे गृहीत धरून नांगर टाकू नका. वादळ गेले तरी अंदाजातला दिशेचा रकाना वाचत राहा.

निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाला कुठे जाणार, किती खलाशी, कधी परतणार हे सांगून ठेवा. परतायची ठरलेली वेळ टळली आणि संपर्क होत नसेल, तर त्याने कुणाच्या परवानगीची वाट न पाहता तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर फोन करावा. नौकेवरून हाक द्यायची ती व्हीएचएफ रेडिओच्या सोळा नंबर चॅनेलवर. जीवरक्षक जॅकेट बहुधा केबिनच्या तळाशी जाळ्यांखाली असतात. ती दांडा ओलांडायच्या आधी अंगात हवीत.