युद्धात भंगलेल्या वस्तूंचं जतन: या चुका टाळा

बॉम्बहल्ल्यानंतर आधी हातात येतो तो झाडू. तिथंच घात होतो. ढिगारा म्हणजे कचरा नव्हे. सीरियातल्या टेल हलाफ या प्राचीन स्थळावरच्या मूर्तींचं बर्लिनमधलं संग्रहालय 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात जळालं, तेव्हा आगीत तापलेल्या बेसाल्टच्या मूर्तींवर गार पाणी पडलं आणि त्या तडकून फुटल्या. त्यांचे सुमारे 27,000 तुकडे जपून ठेवले गेले, म्हणून 2001 नंतर संवर्धकांना त्या मूर्ती पुन्हा जुळवता आल्या.

जिवंत स्फोटकं नाहीत याची खात्री झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. मग काहीही हलवण्याआधी फोटो काढा, तुकडा कुठं पडला होता ते आराखड्यावर टिपा, पिशवीवर क्रमांक घाला. याच नोंदी पुढे पुरावा ठरू शकतात. मालीतल्या टिंबक्टू शहरात 2012 मध्ये झालेल्या जुन्या दर्ग्यांच्या तोडफोडीबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2016 मध्ये एकाला 9 वर्षांची शिक्षा दिली.

काजळी ओल्या फडक्याने पुसू नका, ती दगडाच्या छिद्रांत आणखी मुरते. मऊ ब्रश किंवा कोरडा रबरी स्पंज वापरा. रंगाचे पोपडे सुटत असतील तर तेही नको. भिजलेली कागदपत्रं दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर गोठवा, नाहीतर बुरशी धरेल.

सगळ्यात जास्त घोळ डिंकात होतो. इपॉक्सी पिवळं पडतं आणि सहसा वस्तूला इजा केल्याशिवाय निघत नाही. पॅरालॉइड बी-72 हा संवर्धक वापरतात तो अ‍ॅक्रिलिक डिंक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, त्यामुळे जोड वाकडा बसला तर ओढाताण न करता अ‍ॅसिटोनने सोडवता येतो. मात्र तो 40 अंशांच्या आसपास मऊ पडतो. उकाड्यात जड दगडाचा जोड त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका, आतून खिळी लागते. तीही लोखंडी नको. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, संगमरवर फुटला. आता तिथं टायटॅनियम वापरतात.

गेलेला भाग पुन्हा घडवायचा का? सीरियातल्या पाल्मायरा या प्राचीन शहरातले दोन अर्धपुतळे हातोड्याने फोडले होते; त्यातल्या एकासाठी रोममध्ये थ्रीडी प्रिंटरवर नायलॉनचा भाग बनवला आणि चुंबकाने बसवला. हवा तेव्हा निघतो. मला हीच रीत पटते: भर घातलेली जवळून ओळखू यावी. पण गोळ्यांच्या खुणा बुजवायच्या की ठेवायच्या, हे ज्यांचा तो वारसा आहे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि वस्तू लुटीची असल्याचा संशय असेल, तर तिला चिकटलेली मातीसुद्धा झाडू नका. ती कुठून उपसली याचा माग त्या मातीतच सापडू शकतो.