लघवीची घाई आवरण्यासाठी मेंदूला सवय कशी लावावी

मूत्राशयात साधारण 150 ते 200 मिलिलिटर लघवी साठली, की त्याच्या ताणलेल्या भिंतीतील मज्जातंतू मज्जारज्जूमार्फत मेंदूला वर्दी देतात. मेंदूच्या देठातील केंद्र लघवी सोडण्यास सज्ज असते, परंतु कपाळामागचा भाग सोयीची जागा मिळेपर्यंत त्याला रोखून धरतो. गरज नसताना ‘जाऊनच येऊ’ म्हणत राहिल्यास थोड्याशा साठ्यावरही कळ येऊ लागते.

आधी 3 दिवस प्रत्येक वेळ वहीत लिहावी. दोन खेपांमध्ये दीड तास जात असेल, तर तेवढेच अंतर आठवडाभर नेमाने पाळावे आणि पुढे दर आठवड्याला 15 मिनिटे वाढवत ते 3 तासांपर्यंत न्यावे. अवेळी कळ आल्यास धावू नये. जागीच बसावे, लघवी रोखताना आवळतात ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडावेत आणि कळ ओसरल्यावर सावकाश जावे. जळजळ, रक्त, ताप किंवा लघवी अडणे यांपैकी काही असल्यास मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

पाणी तोडू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा धुळ्याची एसटी गाठायची म्हणून तहान मारणाऱ्यांची लघवी गडद होऊन त्रास उलट वाढतो. कमी करायचा तो चहा. कापूस वेचणाऱ्या बायांना आडोशाअभावी दिवसभर दाबून धरावे लागते. त्यांना हा सराव सांगू नये. त्यांच्यासाठी बांधावर आडोसा करून द्यावा.