ईएएस: रेडिओ, टीव्ही आणि केबलवरून आपत्कालीन इशारा पुढे पाठवण्याची व्यवस्था कशी लावावी

अमेरिकेत रेडिओ-टीव्ही स्टेशनं आणि केबल कंपन्यांना इमर्जन्सी अलर्ट सिस्टीमचं, म्हणजे ईएएसचं यंत्र बसवावंच लागतं. राष्ट्रीय पातळीवरचा इशारा आला की तो तत्काळ प्रसारित करणं सक्तीचं आहे. टोर्नेडो, पूर, वायुगळती असे स्थानिक इशारे पुढे पाठवायचे की नाही, हे मात्र स्टेशनने ठरवायचं. जिवावर बेतणारे सगळे इशारे ऑटोवरच ठेवा. पहाटे तीन वाजता कंट्रोल रूममध्ये कुणी नसतं, आणि टोर्नेडोच्या वेळी लोकांच्या हातात मोजकीच मिनिटं असतात.

या यंत्राला एन्डेक म्हणतात. कोड वाचणं आणि कोड तयार करणं, दोन्ही कामं ते आपोआप करतं, पण इशारा त्याच्यापर्यंत स्वच्छ पोचला तरच. म्हणून आधी रिसीव्हरकडे बघा. राज्याच्या ईएएस आराखड्यात कोणती दोन स्टेशनं ऐकायची ते दिलेलं असतं, सहसा एलपी-१ आणि एलपी-२, म्हणजे त्या भागाची मुख्य स्टेशनं. जोडीला हवामान रेडिओ लावा, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधला जवळचा चॅनल. चौथी वाट इंटरनेटची: फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या आयपॉज या इशारा-यंत्रणेच्या सर्व्हरवरून कॅप स्वरूपातला, म्हणजे ठरलेल्या डिजिटल साच्यातला, इशारा येतो. त्यात मजकूर जास्त आणि आवाज स्वच्छ असतो, त्यामुळे हवेतून आलेल्या इशाऱ्याची कॅप आवृत्ती उपलब्ध असेल तर तीच लावायची, असा नियम आहे.

रिसीव्हरचा अँटेना तुमच्याच ट्रान्समीटरच्या टॉवरवर असेल तर त्या जोरदार सिग्नलने रिसीव्हर दबून जातो. तिथे फिल्टर बसवा. प्रत्येक इनपुट हेडफोनवर स्वतः ऐका. बोलणं समजतंय म्हणजे भागलं असं नाही. खरखर किंवा हम असेल तर माणसाला शब्द कळतात, पण डेटा फुटतो.

तो डेटा असा दिसतो: झेडसीझेडसी-डब्ल्यूएक्सआर-टीओआर-०४०१०९+००३०-१२३१९४५-केओयूएन/एनडब्ल्यूएस-. म्हणजे वेदर सर्व्हिसचा टोर्नेडोचा इशारा. ४० हे ओक्लाहोमा राज्य, १०९ ही त्यातली ओक्लाहोमा काउंटी (जिल्ह्यासारखा भाग), आधीचं शून्य म्हणजे अख्खी काउंटी. इशारा ३० मिनिटं लागू. दिलेला वर्षाच्या १२३व्या दिवशी, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, १९:४५ वाजता, नॉर्मन शहरातल्या कार्यालयातून. हे हेडर २०८३.३ आणि १५६२.५ हर्ट्झच्या सुरांत, सेकंदाला ५२०.८३ बिट वेगाने, एकेक सेकंद थांबून तीनदा जातं. तीनपैकी दोन जुळली तरच एन्डेक ते खरं मानतो. मग ८५३ आणि ९६० हर्ट्झचा एकत्र सूर किमान ८ सेकंद, त्यानंतर जास्तीत जास्त दोन मिनिटांचा निरोप, आणि शेवटी एनएनएनएन तीनदा. राष्ट्रीय इशाऱ्याला दोन मिनिटांची मर्यादा नाही.

सेटिंग करताना तुमच्या प्रसारण क्षेत्रातल्या सगळ्या काउंट्यांचे कोड भरा, आणि संपूर्ण देशासाठीचा ०००००० विसरू नका. घड्याळ एनटीपीला, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला, जोडा. ते मागेपुढे असेल तर चालू इशारासुद्धा मुदतबाह्य समजून टाकून दिला जाऊ शकतो. एन्डेक ऑडिओ साखळीत अशा जागी बसवा की इशारा सुरू होताच कार्यक्रम पूर्ण तुटेल. इशाऱ्याच्या सिग्नलची पातळी पूर्ण मॉड्युलेशनच्या (प्रसारणाच्या कमाल मर्यादेच्या) ५० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) जुनं राहिलं की आयपॉजची डिजिटल प्रमाणपत्रं कालबाह्य होतात आणि कॅपचे इशारे गुपचूप नाकारले जातात.

आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला, यंत्र फायरवॉलमागे ठेवा. फेब्रुवारी २०१३ मध्ये माँटानातल्या एका स्टेशनवरून मेलेली माणसं उठल्याचा इशारा गेला, तो मूळ पासवर्ड तसाच ठेवल्यामुळे. खरे सूर जाहिरातीत किंवा गंमत म्हणून वाजवणंही बेकायदा आहे. २०१४ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात जुन्या राष्ट्रीय चाचणीचं रेकॉर्डिंग वाजलं. काही यंत्रांनी तारीख न तपासता ते पुढे ढकललं, आणि प्रसारक कंपनीला दहा लाख डॉलर भरावे लागले.

केबलचं काम जास्त किचकट आहे. ५,००० किंवा अधिक ग्राहक असतील तर इशारा आवाज आणि चित्रासह प्रत्येक चॅनलवर पोचला पाहिजे. एक तर हेडएंडवरच, म्हणजे केबलच्या मुख्य केंद्रावरच, पट्टी आणि आवाज घालतात, नाहीतर एससीटीई १८ या केबल-मानकातला संदेश पाठवून सगळे सेट-टॉप बॉक्स इशाऱ्याच्या चॅनलवर वळवतात. दुसऱ्या पद्धतीत इशारा संपल्याचा सिग्नल हरवला तर बॉक्स तिथेच अडकतो, म्हणून वेळमर्यादा लावा. चाचणी वेगवेगळ्या मॉडेलच्या बॉक्सवर घ्या, एकावर नाही. स्थानिक टीव्ही स्टेशन स्वतःच वादळाचं थेट वार्तांकन करत असेल आणि केबलने तो चॅनल झाकला, तर ग्राहकाला मिळणारी माहिती उलट कमी होते. अशा स्टेशनांशी लेखी करार करून त्यांचे चॅनल वगळता येतात.

साप्ताहिक चाचणीत फक्त हेडर आणि शेवटचा कोड जातो. मासिक चाचणी मिळाल्यापासून ६० मिनिटांत पुढे पाठवायची, आणि त्या आठवड्यात साप्ताहिक चाचणी लागत नाही. काय आलं, काय गेलं, काय चुकलं याची नोंद दोन वर्षं जपून ठेवा. अपेक्षित चाचणी आली नाही तर कारण शोधून तेही लिहा. यंत्र बिघडलं तर लॉगमध्ये तारीख टाकून ६० दिवस त्याच्याशिवाय चालवता येतं. त्याहून जास्त लागणार असतील तर एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या विभागीय कार्यालयाकडे मुदतवाढ मागा.