जुन्या गाडीचं बॉनेट वाचवायचंय? रिस्टोरेशनमध्ये या चुका टाळा

अँबेसेडर असो, पद्मिनी असो की आजोबांच्या काळातली एखादी शेवरोले, रिस्टोरेशनला घेतलेल्या गाडीचं बॉनेट गंजाने जेवढं जात नाही तेवढं काम चालू असताना जातं. काढताना, ठेवताना, पेंट खरवडताना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवीन पेंट झाल्यावर परत बसवताना. बदली बॉनेट शोधायला गेलात तर अँबेसेडर २०१४ ला बंद झाली आणि पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी, भंगारवाल्याकडे मिळालं तरी त्याची अवस्था बहुतेक वेळा आपल्यापेक्षा वाईट असते. त्यामुळे आहे तेच सांभाळा.

एकट्याने बॉनेट काढू नका, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण लोक काढतातच. मागे बिजागर असलेल्या बॉनेटचा शेवटचा बोल्ट सुटला की मागची कड सरळ वायपरजवळच्या पत्र्यावर घसरते आणि दोन्हीकडे डेंट. दोन बाजूला दोन माणसं, फेंडरच्या कडांना मास्किंग टेप, मागे जुनी गोधडी. सोडायच्या आधी बिजागराची जागा मार्करने आखा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे बिजागर आणि बॉनेटच्या पत्र्याखालची आतली फ्रेम मिळून ३ मिमीचं एक भोक पाडून ठेवा, परत बसवताना त्यात तेवढ्याच जाडीचा ड्रिल बिट घातला की बॉनेट जुन्या जागेवर येतं. फक्त बिटला टेप गुंडाळून खोली ठरवा, नाहीतर बिट वरच्या पत्र्यातून बाहेर येईल आणि मग बसा ते भोक बुजवत. बिजागराखाली वॉशर निघाले तर डाव्या-उजव्याच्या वेगळ्या पिशव्या करा.

काढलेलं बॉनेट कोपऱ्यावर उभं करू नका, आणि आडवं तर अजिबात ठेवू नका कारण गॅरेजमध्ये मोकळी सपाट जागा दिसली की कोणीतरी त्यावर जॅक ठेवणारच. लांब कडेखाली थर्माकोल घालून भिंतीला टेकवा आणि दोरीने बांधा.

आता सँडब्लास्टिंग. चेसिसला, रिमला करा, बिनधास्त करा, पण बॉनेटला नको. वाळूचा प्रत्येक कण पत्र्याला बारीक हातोडी मारतो, त्याने वरचा थर ताणला जातो आणि मोठा सपाट पत्रा पापडासारखा फुगून येतो. एकदा असं झालं की हात लावला तरी टक-टक वाजतं आणि चांगला डेंटरसुद्धा पत्रा पूर्ववत करून देईलच याची खात्री नाही. ब्लास्टिंगवाला "प्रेशर कमी ठेवतो साहेब" म्हणतो, त्यावर जाऊ नका. पेंट रिमूव्हर आणि ८० नंबरच्या पेपरने सँडर फिरवणं, हाच मार्ग. वेळ जातो, धूळ होते, घरचे वैतागतात, पण पत्रा सरळ राहतो. रिमूव्हर मात्र कडेपासून इंचभर लांब ठेवायचा. बॉनेटचा वरचा पत्रा कडेला दुमडून आतल्या फ्रेमवर दाबलेला असतो, त्या दुमडीत रिमूव्हर शिरला की धुऊन निघत नाही आणि काही महिन्यांनी नव्या पेंटखाली बरोबर कडेलाच फुगे येतात, आणि मग शिव्या पेंटरला. कडा हाताने घासा.

गंजही त्याच दुमडीत आतून सुरू होतो. वरून पुट्टी मारून तो थांबत नाही, खालचा भाग कापून नवीन पट्टी लावावी लागते. तिथे वेल्डिंग करताना एका दमात लाईन ओढायची नाही, एकमेकांपासून लांब अंतरावर छोटे टाके मारायचे, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग पुढचा. गॅस वेल्डिंगने तर पत्रा हमखास ओढला जातो. पुट्टी दोन-तीन मिमीच्या वर गेली तर समजा पत्रा नीट ठोकलेलाच नाही.

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर सकाळी त्यावर लालसर थर दिसेल. त्याच दिवशी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसून एपॉक्सी प्रायमर मारा, आणि पुसल्यावर उघडा हात लावू नका.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, आतली फ्रेम आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये मऊ मसाल्याचे गोळे असतात, जुने झाले की कडक होऊन गळतात आणि बॉनेट वेगात थरथरतं. नवीन भरताना काचेचा चिकट सीलंट ठासून भरू नका, तो आकसला की पत्रा आत ओढतो आणि चकचकीत पेंटवर प्रत्येक गोळ्याची खळी दिसते. मऊच राहणारा सीलर, तोही थोडा.

अमेरिकन गाडी असेल (जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज-प्लिमथ निघाल्या, त्यातल्या काही अजून आहेत) तर स्प्रिंगवाले बिजागर आधी मोकळे करा. बिजागर सुकून जाम असेल आणि तुम्ही पुढून बॉनेट दाबत राहिलात तर बिजागर हलत नाही, पत्रा वाकतो, तोही मागच्या भागात जिथे सरळ करणं सगळ्यात अवघड.

बसवणं पेंटच्या आधी एकदा पूर्ण करून बघायचं, रबर, लॉक, ग्रिल सगळं लावून. नवीन इंजिन माउंट (इंजिनाखालचे रबरी आधार) टाकले की इंजिन थोडं वर येतं, त्यात कोणी दुसऱ्या कार्ब्युरेटरचा उंच एअर फिल्टर लावलेला असतो, आणि मग आतून बॉनेटला टेंगूळ येतं. सोपी टेस्ट: कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फिल्टरवर ठेवा, बॉनेट हळू खाली आणा, उचला, गोळा किती चेपला ते बघा. बोटभर जाडी राहिली तर ठीक, कारण इंजिन चालताना हलतंही. हीच टेस्ट बॅटरीवर. मूळच्यापेक्षा उंच बॅटरी घातली आणि पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटला टेकलं तर ठिणगी, जळका डाग, नशीब खराब असेल तर आगच. टर्मिनलला रबरी टोपी घालाच.

पेंट झाल्यावर ब्रेक ऑईल भरताना फेंडर-बॉनेट पुसायला ओला फडका हाताशी ठेवा, एक थेंब पेंट उचलतो, पडलाच तर लगेच भरपूर पाणी. आणि नवीन पेंटवर प्लास्टिकचं कव्हर नको, पेंटमधलं सॉल्व्हंट (पेंट पातळ करणारा द्रव) बाहेर पडायला वाव लागतो.

पहिल्यांदा बंद करताना लॉक काढून ठेवा, नुसतं टेकवून दोन्हीकडची फट बघा, मग लॉक लावा. लॉक लावलं की बॉनेट उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॉकचा खटका खाली ढकलून केबल ओढून बघा, सुटतोय का, आणि सेफ्टी कॅच (लॉक सुटलं तरी बॉनेट धरणारा दुसरा हूक) अडकतोय का, कारण तो नसेल तर हायवेवर बॉनेट उडून काचेवर येतं. शिवाय खटक्याला एक जाडसर तार बांधून तिचं टोक ग्रिलच्या खाली लपवून ठेवा. चाळीस वर्षांची केबल आत तुटली तर नवीन पेंटच्या बॉनेटला पहार लावायची वेळ येते, तारेने ते टळतं.